हाड हातात घ्या, मग पुस्तक उघडा

नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, आयुर्वेद, शाखा कुठलीही असो, पहिल्या वर्षी मानवी शरीररचना आणि शरीरक्रिया हे दोन विषय वाट्याला येतातच. या विषयांवर आलेल्या पत्रांतून, ज्यांची उत्तरं एकापेक्षा जास्त जणांच्या कामी येतील अशी पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम होतं. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात ॲनाटॉमीचं एक पान वाचायला तासभर लागतो. नावं पाठ करते, पण आठवड्याभरात विसरते. काय करू?
– विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : अख्खं नाव पाठ करायला जाऊ नका, ते फोडा. शरीररचनेतली बहुतेक नावं दोन-तीन तुकड्यांची असतात आणि प्रत्येक तुकड्याला अर्थ असतो. 'फ्लेक्सर कार्पाय रेडियालिस' घ्या. फ्लेक्सर म्हणजे वाकवणारा, कार्पाय म्हणजे मनगटाचा, रेडियालिस म्हणजे रेडियस हाडाच्या बाजूचा, अर्थात अंगठ्याकडचा. स्नायू काय करतो, कुठे करतो, कुठल्या अंगाला आहे, सगळं नावातच आलं. मानेवरचा 'स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड' तर स्वतःचा पत्ताच सांगतो: छातीच्या मधल्या हाडावरून म्हणजे स्टर्नमवरून आणि गळ्याखालच्या आडव्या हाडावरून म्हणजे क्लॅव्हिकलवरून निघतो, आणि कानामागच्या मॅस्टॉइड उंचवट्याला जाऊन चिकटतो.

सुरुवात चार तुकड्यांनी करा. एंडो म्हणजे आतलं, मायो म्हणजे स्नायूचं, एपि म्हणजे वरचं, पेरि म्हणजे भोवतालचं. एवढ्यावर एंडोकार्डियम, मायोकार्डियम, एपिकार्डियम, पेरिकार्डियम कळतात. तेच गर्भाशयाच्या भिंतीला लावलं की एंडोमेट्रियम, मायोमेट्रियम, पेरिमेट्रियम. हाडाला लावलं की पेरिऑस्टियम आणि एंडोऑस्टियम. असे शंभरेक तुकडे अंगवळणी पडले की नवं नाव पहिल्यांदा दिसलं तरी परकं वाटत नाही.

मराठी माध्यमाचा इथे तोटा नाही, उलट फायदा आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहिणी-बहिणी. जानु म्हणजे गुडघा, लॅटिनमध्ये तो जेनू. गुडघे आतल्या बाजूला वळलेले असले तर 'जेनू व्हॅल्गम'. नख म्हणजे ग्रीक ऑनिक्स. आपण ज्याला नखुरडं म्हणतो ते 'पॅरोनिकिया'. नाभीला ग्रीकमध्ये ऑम्फॅलोस म्हणतात, म्हणून बाळाची नाळ चिघळली की 'ऑम्फॅलायटिस'. अस्थी-ऑस्टिऑन, दंत-डेन्स, यकृत-हेपार या जोड्याही अशाच. वहीत एका बाजूला इंग्रजी तुकडा आणि दुसऱ्या बाजूला आपला शब्द लिहा. जिथे नातं दिसतं तिथे पाठांतर लागतच नाही.

दोन ठिकाणी मात्र सांभाळा. एक, देवनागरीत लिहिताना 'इलियम' दोन आहेत. स्पेलिंगमधलं तिसरं अक्षर 'आय' असेल तर ते कमरेचं हाड, 'ई' असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग. इंग्रजी पेपरात हे एक अक्षर चुकलं की अख्खं उत्तर चुकतं. दुसरं, बोलीतली 'शीर'. आपण 'शीर दिसत नाही' म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते, 'शीर दबली' म्हणतो तेव्हा ती नर्व्ह असते, आणि 'शीर आखडली' म्हणतो तेव्हा बहुधा स्नायू किंवा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. घरात हे चालतं, वॉर्डात चालत नाही. रुग्ण 'शीर' म्हणाला की यातलं नेमकं काय, हे ओळखणं पुढे तुमचंच काम आहे.

प्रश्न : बी.फार्म.च्या प्रॅक्टिकलला माझ्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींची मोजणी एकदा ३,१०० आली आणि त्याच तासाला दुसऱ्यांदा ८,६५०. कुठला आकडा खरा? चुकतंय कुठे?
– विद्यार्थी, संगमनेर

उत्तर : प्रौढ माणसात घन मिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात, त्यामुळे दुसरा आकडा पटणारा आहे. पण तो योगायोगानेही आला असेल. तुमच्या आकड्यांवरून पहिल्या वेळी चार चौकटींत मिळून ६२ पेशी दिसल्या आणि दुसऱ्या वेळी १७३. इतका फरक मोजताना होत नाही, तो बोटापाशी आणि पिपेटपाशी होतो.

आधी हिशेब नीट समजून घ्या. पांढऱ्या मण्याच्या पिपेटवर ०.५, १ आणि ११ अशा खुणा असतात. रक्त ०.५ पर्यंत आणि ते पातळ करणारा टर्क द्रव ११ पर्यंत घेतला की पातळपणा १:२२ होईल असं वाटतं, पण आपण १:२० धरतो. कारण नळीतला एक भाग द्रव पिपेटच्या मणी असलेल्या फुग्यात शिरून मिसळतच नाही. मिसळतात ते फुग्यातले १० भाग, आणि त्यात अर्धा भाग रक्त. न्यूबाउर चेंबर म्हणजे पेशी मोजायची रेघा आखलेली काच. तिच्या चार कोपऱ्यांतली प्रत्येक मोठी चौकट १ चौरस मिलिमीटरची, खोली ०.१ मिलिमीटर, म्हणजे चारही मिळून ०.४ घन मिलिमीटर. वीसला ०.४ ने भागलं की ५० येतात. म्हणून मोजलेल्या पेशी गुणिले ५०. थोडक्यात, चेंबरमधली एक पेशी चुकली की उत्तर ५० ने चुकतं.

आता बोट. थेंब नीट येत नाही म्हणून मुलं बोट पिळतात, आणि आकडा कमी येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. पिळल्यावर रक्ताबरोबर ऊतींमधलं पाणी येतं आणि रक्त पिपेटमध्ये जाण्याआधीच पातळ होतं. त्यापेक्षा हात कोमट पाण्यात धरा, खाली सोडून झटका, स्पिरिट पूर्ण वाळू द्या आणि लॅन्सेट म्हणजे टोचायची सुई नीट आत जाऊ द्या. भीतभीत वरवर टोचलं तर तीनदा टोचावं लागतं. पहिला थेंब पुसून टाका, दुसरा घ्या. रक्त खुणेच्या किंचित वर गेलं तर पिपेटचं टोक बोटाच्या कोरड्या भागाला टेकवून खाली आणा. कापूस लावू नका, तो भसकन रक्त ओढून घेतो. खूपच वर गेलं असेल तर पिपेट धुऊन पहिल्यापासून करा. बाहेरून लागलेलं रक्त पुसायला विसरू नका, तेही द्रवात उतरतं.

पिपेट आडवी धरून तळहातांमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवा. टर्क द्रवातलं ॲसेटिक आम्ल तांबड्या पेशी फोडतं आणि जेन्शियन व्हायोलेट पांढऱ्यांचं केंद्रक रंगवतं. या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो. मग पहिले दोन-तीन थेंब टाकून द्या, कारण नळीत नुसता द्रव असतो. पहिल्याच थेंबाने चेंबर भरलात तर तो ३,१०० चा आकडा असाच मिळतो.

चेंबर भरताना कव्हरस्लिप आधीच ठेवलेली हवी. पिपेटचं टोक ४५ अंशांत कडेला टेकवा, द्रव आपोआप आत ओढला जातो. हवेचा बुडबुडा दिसला किंवा द्रव बाजूच्या चरात उतरला तर पुसून परत भरा. 'चालेल' म्हणून मोजू नका. दोन-तीन मिनिटं पेशी खाली बसू द्या. १० एक्सच्या भिंगाखाली कंडेन्सर खाली घ्या आणि प्रकाश कमी करा. प्रकाश जास्त असला की पेशी विरून गेल्यासारख्या वाटतात. प्रत्येक चौकटीच्या डाव्या आणि खालच्या रेषेला टेकलेल्या पेशी धरा, उजव्या आणि वरच्या रेषेच्या सोडा. चारही कोपऱ्यांचे आकडे वेगवेगळे लिहा. त्यांच्यात दहा-बारापेक्षा जास्त फरक असेल तर पेशी सारख्या पसरलेल्या नाहीत. गुणाकार करत बसू नका, चेंबर परत भरा.

पिपेटमध्ये आधीच्या मुलाच्या धुण्याचं पाणी राहिलं असेल तरी आकडा पडतो. पाण्यानंतर ॲसिटोन ओढून पिपेट कोरडी करायची. आतला मणी मोकळा फिरला म्हणजे ती कोरडी झाली. तोंडाने ओढायची सवय लावून घेऊ नका, रबरी बल्ब मागून घ्या. प्रत्येकासाठी नवीन लॅन्सेट, आणि वापरलेलं लॅन्सेट थेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत हे स्पष्ट सांगितलं आहे. परीक्षकही ते विचारतात.

पुढच्या तासाला तांबड्या पेशी येतील. तिथे तांबड्या मण्याची पिपेट, हेयम द्रव १०१ पर्यंत, पातळपणा १:२००, मधल्या चौकटीतल्या २५ पैकी ५ घरं, आणि गुणाकार १०,००० ने. दोन पिपेटींची अदलाबदल झाली तर पुढची मेहनत फुकट जाते, म्हणून आधी मण्याचा रंग बघा.

प्रश्न : माझ्या मुलीला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला आहे. डिसेक्शन हॉलच्या पहिल्या दिवशी तिला चक्कर आली आणि आता ती जायलाच घाबरते. हे तिला जमेल का?
– पालक, सांगली

उत्तर : जमेल. पहिल्या दिवशी चक्कर येण्याचा पुढच्या अभ्यासाशी काही संबंध नसतो. ताण, उपाशी पोट, तासभर एकाच जागी ताठ उभं राहणं आणि फॉर्मॅलिनची वाफ हे सगळं एकत्र आलं की नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. याची आधी सूचना मिळते: जांभया, थंड घाम, कानात गुंई, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं पहिलं लक्षण जाणवताच तिने तिथेच खाली बसावं, जमलं तर आडवं होऊन पाय उंच ठेवावेत. दारापर्यंत चालत जायचा प्रयत्न करणारीच मुलं पडतात आणि टेबलाच्या कडेवर डोकं आपटून घेतात.

जाण्याआधी पोळी-भाजी किंवा पोहे असं काहीतरी खाऊन जावं. उभं असताना गुडघे किंचित सैल ठेवावेत, पोटऱ्या आवळत-सोडत राहाव्यात. वास पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत जास्त जाणवतो, मग नाक सरावतं. पण नाक सरावलं म्हणजे वाफ गेली असं नाही, म्हणून पंखे चालू आणि खिडक्या उघड्याच हव्यात. बाजारातल्या '१० टक्के फॉर्मॅलिन'मध्ये प्रत्यक्ष फॉर्मॅल्डिहाइड सुमारे ४ टक्केच असतं, तरी डोळ्यांना तेवढं पुरतं. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नये, चष्मा लावावा. साधा सर्जिकल मास्क ही वाफ अडवत नाही, त्यावर विसंबू नये. लेटेक्सपेक्षा नायट्राइलचे हातमोजे फॉर्मॅलिनला जास्त टिकतात. दमा असेल तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगावं.

भीतीबद्दल एवढंच सांगतो की सुरुवात चेहऱ्यापासून करू नये. चेहरा ओल्या कापडाने झाकलेला असतो, तो तसाच राहू द्यावा आणि पहिले काही दिवस हात किंवा पाय यांच्याशीच काम ठेवावं. आणि टेबलावरच्या देहाविषयी तिच्याशी घरी मोकळेपणाने बोला. महाराष्ट्रात शरीररचना अधिनियम १९४९ पासून आहे आणि त्याआधारे कॉलेजांना देह मिळतात. त्यात स्वेच्छेने देहदान केलेले कितीतरी असतात. कुणाच्या तरी आजीने, कुणाच्या तरी वडिलांनी मुलांनी शिकावं म्हणून हे दिलं आहे. हे मनात बसलं की हात थरथरायचे थांबतात आणि फोन काढून फोटो घ्यायची इच्छाही होत नाही. फोटो कोणत्याही कारणाने घ्यायचा नाही.

प्रश्न : पुस्तकातल्या हृदयाच्या चित्रात उजवी बाजू डावीकडे का दाखवतात?
– बारावीची विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : चित्रातला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे म्हणून. उजवं-डावं नेहमी त्याचं, पाहणाऱ्याचं नाही. तो सरळ उभा, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे, अशीच स्थिती कायम धरतात, त्यामुळे अंगठा बाहेरच्या बाजूला येतो. महिनाभर प्रत्येक आकृतीच्या दोन्ही कडांना पेन्सिलीने 'उ' आणि 'डा' लिहा. नंतर गरज लागत नाही.

प्रश्न : बी.ए.एम.एस.ला रचना शारीर म्हणजे शरीररचना शिकताना सुश्रुत ३०० अस्थी सांगतो, चरक ३६०, आणि आधुनिक पुस्तक २०६. व्हायव्हात म्हणजे तोंडी परीक्षेत कुठला आकडा सांगायचा? आणि एकाच शरीरात इतका फरक कसा?
– विद्यार्थी, नांदेड

उत्तर : प्रश्न ज्या ग्रंथाचा, आकडा त्या ग्रंथाचा. पण का वेगळा, हे सांगता आलं तर परीक्षक पुढचा प्रश्न विचारायच्या आधीच खूश होतो.

फरक मोजण्याच्या व्याख्येत आहे. चरकाच्या ३६० मध्ये ३२ दात, दातांच्या ३२ खोबण्या म्हणजे दंतोलूखल आणि २० नखं धरलेली आहेत. एवढीच ८४ झाली. सुश्रुत स्वतःच सांगतो की वेदवादी ३६० मानतात, पण शल्यतंत्रात म्हणजे शस्त्रक्रियेच्या शास्त्रात ३०० च. त्याची विभागणी शाखांमध्ये म्हणजे हातापायांत १२०, धडात ११७ आणि मानेपासून वर ६३ अशी आहे. तो अस्थींचे पाच प्रकार करतो: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. रुचक म्हणजे दात, तरुण म्हणजे आज ज्यांना आपण कूर्चा म्हणतो ते. हे दोन्ही प्रकार आधुनिक यादीत हाडं म्हणून येत नाहीत. उलट कण्याच्या तळाच्या त्रिकास्थीसारखी जुळून एक झालेली हाडं आज एकच धरतात. नवजात बाळात २०६ पेक्षा कितीतरी जास्त हाडं असतात आणि वाढताना ती जुळत जातात. तेव्हा 'हाडं किती' हा प्रश्न 'एक हाड कशाला म्हणायचं' यावर अवलंबून आहे. आधुनिक २०६ ची फोड अक्षीय ८० आणि शाखांची १२६ अशी, तीही तोंडपाठ हवी.

याहून मोठा घोळ शब्दांचा होतो. सुश्रुताची 'पेशी' म्हणजे मांसपेशी, आजची मसल. त्या ५०० सांगितल्या आहेत. आपल्या शाळेच्या पुस्तकातली 'पेशी' म्हणजे सेल. सुश्रुताचे ९०० 'स्नायू' म्हणजे बांधून ठेवणारे तंतू, ज्यात अस्थिबंध आणि कंडरांसारख्या रचना येतात. मराठीतला 'स्नायू' म्हणजे मसल. हे दोन शब्द एकाच उत्तरात दोन अर्थांनी आले की वाचणारा गोंधळतो. वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता करून ठेवाच.

शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायातली शवशोधनाची पद्धत मात्र मूळ ग्रंथातून वाचा. देह मुंज, वल्कल, कुश, ताग अशा कशाने तरी गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, संथ पाण्यात आडोशाला सात रात्री बुडवायचा. मग वाळा, केस, बांबू किंवा बल्वज गवताच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. सुरी चालवण्याऐवजी मऊ झालेली त्वचा घासून काढायची ही रीत आहे. त्यात काय नीट दिसेल आणि काय नाही, हा विचार केला की त्याची वर्णनं अधिक नीट कळतात.

प्रश्न : हाड डाव्या बाजूचं की उजव्या, हे ओळखताना क्लॅव्हिकल आणि फिब्युला (पोटरीतलं बारीक हाड) हमखास चुकतात.
– नर्सिंगचे तीन विद्यार्थी, धुळे

उत्तर : हाताला लागलेल्या कुठल्याही हाडाला तीनच प्रश्न विचारा आणि याच क्रमाने: वर काय, पुढे काय, आत काय. तिन्ही ठरली की बाजू आपोआप ठरते. तिसऱ्यावर आधी उडी मारली की चुकतं.

क्लॅव्हिकलला वर-खाली ओळखायला तळाकडची लांबट खाच आहे, ती खाली. जाड, चौकोनी टोक छातीकडे, चपटं टोक खांद्याकडे. छातीकडचा दोन-तृतीयांश भाग पुढे फुगलेला असतो. आता ते हाड स्वतःच्या गळ्याखाली धरून बघा. ज्या बाजूला नीट बसेल, ती बाजू.

फिब्युलाची दोन्ही टोकं जाडजूड, म्हणून फसगत होते. चपट्या, टोकदार टोकाकडे बघा. तिथे एक गुळगुळीत त्रिकोणी पृष्ठभाग आणि त्याच्या शेजारी बोटाच्या टोकाने जाणवेल असा खड्डा असतो. ते टोक खाली, गुळगुळीत भाग आत, खड्डा मागे.

पॅटेलाला म्हणजे गुडघ्याच्या वाटीला तर डोळेही लागत नाहीत. गुळगुळीत बाजू टेबलावर ठेवा, निमुळतं टोक स्वतःपासून दूर. वाटी ज्या बाजूला कलेल, त्या पायाची. बाहेरचा पृष्ठभाग मोठा असतो म्हणून ती तिकडे झुकते.

लांब हाडांवरचं रक्तवाहिनीचं छिद्र कुठल्या दिशेने आत शिरतं, हेही विचारतात. हातात ते कोपराकडे जातं, पायात गुडघ्यापासून पळतं. व्हायव्हात हाड टेबलावर ठेवून बोट दाखवू नका. ते उचलून स्वतःच्या अंगाशी योग्य स्थितीत धरा, मग बोला. स्नायू कुठून निघतो ते लाल खडूने आणि कुठे चिकटतो ते निळ्याने, अशा खुणा प्लॅस्टिकच्या हाडावर करा. कॉलेजच्या खऱ्या हाडावर नको.

प्रश्न : कार्डिॲक सायकलचा म्हणजे हृदयाच्या एका ठोक्याच्या चक्राचा आलेख पाठ केला तरी झडप कधी उघडते आणि कधी मिटते हे उलटंसुलटं होतं.
– फार्मसीची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : आलेख पाठ करायचा नसतोच. झडपेला स्वतःचा स्नायू नाही. दार वाऱ्याने लोटलं जावं तशी ती दाबाने लोटली जाते. मागचा दाब जास्त झाला की उघडते, पुढचा जास्त झाला की मिटते. आलेखावर जिथे दाबाच्या दोन रेषा एकमेकींना छेदतात, तिथे कुठलीतरी झडप हलते. एवढं धरून डाव्या बाजूने चला.

मिनिटाला ७५ ठोके असतील तर एक चक्र ०.८ सेकंदाचं. कर्णिका म्हणजे वरचा कप्पा ०.१ सेकंद आकुंचते, जवनिका म्हणजे खालचा कप्पा ०.३ सेकंद, उरलेले ०.४ सगळंच शिथिल. जवनिका भरायचं बहुतांश काम या शिथिल काळातच होतं, कर्णिका शेवटी थोडी भर घालते. जवनिका आकुंचू लागताच तिचा दाब कर्णिकेच्या वर जातो, दोघींमधली मायट्रल झडप मिटते आणि पहिला आवाज येतो. महाधमनीत अजून ८० चा दाब आहे, म्हणून पुढची झडपही बंदच. दोन्ही दारं बंद, रक्त तेवढंच आणि दाब मात्र झपाट्याने चढतोय. मुलं नेमकी इथे अडखळतात. दाब ८० च्या वर गेला की महाधमनीची झडप उघडते, १२० पर्यंत चढतो, सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर जातं. मग दाब उतरून महाधमनीपेक्षा कमी झाला की ती झडप मिटते, तो दुसरा आवाज. ७० गुणिले ७५ केलं की मिनिटाला सव्वापाच लिटर.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मटणाच्या दुकानातून बोकडाचं दिल आणा. कापलेलं नको, वरच्या नळ्या आणि चरबीसकट अख्खं द्या असं आधीच सांगून ठेवा, नाहीतर कर्णिका कापून टाकलेल्या असतात. हातमोजे घाला, स्वयंपाकाची सुरी वापरू नका. आधी नुसतं दाबून बघा: एक बाजू टणक लागेल, एक लिबलिबीत. टणक ती डावी जवनिका. कापल्यावर तिची भिंत उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड दिसते. पण कापायच्या आधी मागच्या जाड भिंतीच्या नळीत, म्हणजे महाधमनीत, हळूहळू पाणी ओता. आतल्या रक्ताच्या गुठळ्या धुऊन काढल्या असतील तर झडपेचे तीन कप्पे फुगून एकमेकांना भिडतात आणि पाणी तुंबून राहतं. दुसरा आवाज ज्या घटनेचा, ती ही. त्या कप्प्यांच्या लगेच वर दोन बारीक तोंडं दिसतील, तिथून हृदयाच्या स्वतःच्या धमन्या निघतात. मग डावी जवनिका टोकापासून वर उभी चिरा. मायट्रल झडपेला बांधलेले पांढरे दोरे चिमट्याने ओढून बघा. ते झडप उघडत नाहीत, ती उलटी होऊ नये म्हणून धरून ठेवतात.

मूत्रपिंड आणलंत तर एक फरक ध्यानात ठेवा. बोकडाच्या मूत्रपिंडात आतल्या गराच्या पिरॅमिडांची टोकं जुळून एकच कणा झालेला असतो, माणसात ते वेगवेगळे असतात. आकृती माणसाची काढा.

प्रश्न : रक्तदाब घेताना आवाज नीट कळत नाहीत. एकाच मैत्रिणीचा एकदा ११८, एकदा १३६ आला.
– नर्सिंगची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : मैत्रिणीला पाच मिनिटं पाठ टेकून बसू द्या, पाय जमिनीला टेकलेले, बोलणं बंद. त्याआधी अर्धा तास चहा नको. दंड हृदयाच्या पातळीत आणि आधाराला हवा. हात १० सेंटीमीटर खाली लोंबला तरी आकडा सात-आठ मिलिमीटरने चढतो. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तरीही चढतो.

पट्ट्याची खालची कड कोपरापासून दोन-तीन सेंटीमीटर वर ठेवा. पहिल्यांदा स्टेथोस्कोप लावूच नका. मनगटावरची नाडी धरून पट्टा फुगवा, नाडी जाईल तो आकडा लक्षात ठेवा, हवा सोडा. मग बायसेप्सच्या दोरीच्या आतल्या अंगाला ब्रेकियल धमनी चाचपडून तिथे स्टेथोस्कोप ठेवा, आधीच्या आकड्याच्या ३० वर फुगवा आणि सेकंदाला २-३ मिलिमीटर या गतीने उतरवा. पहिला स्पष्ट ठोका वरचा आकडा, आवाज पूर्ण नाहीसा होतो तो खालचा. हे आवाज रशियन डॉक्टर कोरोटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितले. काही जणांत ते मध्येच थांबून परत येतात. नाडीने आधी अंदाज घेतला नसेल तर त्या खंडाच्या खालचा आवाजच पहिला समजला जातो आणि वरचा आकडा फार कमी लिहिला जातो.

डायलवर खुणा दोन-दोनच्या असतात, म्हणून आकडा नेहमी सम येतो. १२५/८५ लिहिणाऱ्याने डायल नीट पाहिलेली नसते. १२०/८० लिहून मोकळं होण्याचा मोह फार मोठा आहे. ऐकू आलं नसेल तर 'आलं नाही' म्हणा, एक मिनिट थांबून परत घ्या.

प्रश्न : मनगटाच्या आठ हाडांचा क्रम मराठीत लक्षात ठेवायला काही आहे का?
– विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : हे घ्या: 'सकाळी लवकर ताई पोहे टाकते, तिखट कमीच हवं.' स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म ही कोपराकडची रांग. ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट ही बोटांकडची. दोन्ही रांगा अंगठ्याकडून करंगळीकडे मोजायच्या. दोन 'ट्रॅपे'मधला ट्रॅपेझियम अंगठ्याच्या बुडाशी असतो.

वाक्य पाठ झालं की अंगठा ताणून वर करा. त्याच्या मुळाशी दोन दोऱ्यांमध्ये खळगा पडतो, तिथे बोट रोवलं की खाली जे टणक लागतं ते स्कॅफॉइड. माणूस पसरलेल्या तळहातावर पडला की बहुधा हेच हाड मोडतं. त्याला रक्त बोटांकडच्या टोकातून येतं, त्यामुळे मधोमध मोडलं तर कोपराकडचा तुकडा उपाशी राहून सुकू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेत ही चीर कधी कधी दिसतही नाही. म्हणून पडून आलेल्याच्या त्या खळग्यात दाबून दुखतंय का, हे आधी बघतात.